चुना, सुरखी आणि राख

मागील वर्षीं वैशाखांत धुळ्याच्या आमच्या वडिलोपार्जित घराची मागील भिंत दुरुस्त करण्याचा प्रसंग आला. भिंत विटांची, चुन्यांत बांधलेली, आणि आमच्या पणजोबांच्या हयातींतली. पंधरा वर्षांपूर्वीं तिच्यावरील जुना चुन्याचा गिलावा खरवडून त्या जागीं सिमेंटाचा जाड गिलावा आम्हींच मोठ्या हौसेनें करवून घेतला होता. आतां शंभर वर्षें या भिंतीकडे पाहावयास नको, असें त्या वेळीं घरांतील मंडळींस सांगितल्याचेंहि आम्हांस स्मरतें. प्रत्यक्षांत चार पावसाळे गेले नाहींत तोंच भिंत ओल धरूं लागली. गिलावा जागोजाग फुगला, आणि त्याचे पापुद्रे गळून पडले तेव्हां विटांचे दर्शनी थरहि त्यांबरोबर उतरले. ज्या विटांनीं तीन पिढ्यांचे पावसाळे सोसले त्या पंधरा वर्षांत हातानें कुसकरण्याजोग्या झाल्या. आमच्या वृद्ध गवंड्यानें थापीच्या दांड्यानें भिंत ठोकून पाहिली आणि तो एवढेंच म्हणाला, "सर, माल भिंतीपेक्षां जबर झाला."

दगड किंवा विटा एकमेकांस जोडणाऱ्या ज्या कालवलेल्या पदार्थास पुस्तकी भाषेंत 'मॉर्टर' म्हणतात त्यास आमच्याकडील गवंडी नुसता 'माल' म्हणतात. माल जितका कठीण तितकें बांधकाम चांगलें, अशी आम्हां पांढरपेशा लोकांची समजूत असते. ती किती अपुरी आहे हें त्या म्हाताऱ्याच्या पांच शब्दांनीं आमच्या ध्यानांत आणून दिलें. इतिहास शिकविणें हा आमचा व्यवसाय, स्थापत्यशास्त्र नव्हे. तथापि त्या दिवसापासून या मालाचा इतिहास धुंडाळण्याचा आम्हांस नाद लागला, आणि त्यांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

हा विषय आज अगत्याचा होण्यास कारणहि तसेंच आहे. सिमेंट करावयाचें म्हणजे चुनखडी आणि माती एकत्र करून तीं सुमारें १४५० अंश सेल्सिअस उष्णतेंत भाजावीं लागतात. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली कीं ५६ किलो चुना हातीं राहतो आणि ४४ किलो कार्बन-डाय-ऑक्साइड हवेंत जातो. भट्टीच्या जळणाचा धूर आणखी वेगळा. मनुष्याच्या उद्योगांमुळें हवेंत जाणाऱ्या या वायूपैकीं सुमारें ७ ते ८ टक्के वायु एकट्या सिमेंटाच्या कारखान्यांतून निघतो. म्हणून सिमेंटाचा कांहीं भाग काढून त्याऐवजीं कोळशाची राख, पोलादाच्या भट्टीची मळी किंवा भाजलेली माती घालावी, असे प्रयत्न जगभर चालले आहेत. यावर सामान्य मनुष्याचा प्रश्न एकच असतो : या बदली मालाला सिमेंटाइतकें बळ येतें काय? प्रश्न रास्त आहे. परंतु सिमेंट हें मूळचें आणि बाकीचे पदार्थ त्याची जागा घेऊं पाहणारे उपरे, असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. इतिहास याच्या नेमका उलट आहे. सिमेंटाचें वय दोनशें वर्षांचें. खानदेशांत तर त्याची ओळख होऊन जेमतेम एक शतक झालें. खरा बदली माल सिमेंटच होय. त्यानें कोणाची जागा घेतली, कां घेतली, आणि ती घेतांना काय गमावलें, हें पाहिल्याशिवाय आजच्या प्रश्नाचें उत्तर नीट देतां यावयाचें नाहीं.

आमच्या प्रांतांत काळ्या जमिनींत आणि नदीकांठच्या थरांत कंकराचे खडे सांपडतात. हे खडे म्हणजे मातीमिश्रित चुनखडी. ते भट्टींत भाजून चुनकळी करीत, ती पाण्यांत विरवीत, आणि मग वाळू घालून घाणींत मळीत. चुन्याची घाणी आज तरुणांस ठाऊक नाहीं. दगडांनीं बांधलेला एक वर्तुळाकार चर, मधोमध खुंट, खुंटास जोडलेल्या आडव्या लांकडावर फिरणारें जड दगडी चाक, आणि तें ओढणारा बैल, असें तिचें स्वरूप होतें. बैल जितके फेरे अधिक घाली तितका चुना चिकट होई. घाईनें मळलेला चुना जाणता गवंडी परत पाठवी.

परंतु नुसत्या शुद्ध चुन्यांत एक उणीव आहे. तो हवेंतील कार्बन-डाय-ऑक्साइड पुन्हां शोषून घेऊन घट्ट होतो. म्हणजे ज्या वायूस भट्टींत गमावलें त्यास हळूहळू परत मिळवून तो पुन्हां चुनखडी बनतो. हवा जेथें पोंचत नाहीं तेथें, म्हणजे जाड भिंतीच्या पोटांत किंवा पाण्याखालीं, तो वर्षानुवर्षें मऊच राहतो. विहिरी, हौद आणि बंधारे बांधावयाचे तर हा चुना निरुपयोगी. यावर जो उपाय आमच्या गवंड्यांनीं पिढ्यान् पिढ्या केला तो म्हणजे सुरखी, अर्थात् भाजलेल्या विटांची बारीक भुकटी. मध्यम आंचेवर भाजलेल्या मातींतील सिलिका व अल्युमिना हीं द्रव्यें चुन्याशीं पाण्याच्या साहाय्यानें संयोग पावतात आणि त्यांपासून जो पदार्थ बनतो तो पाण्यांतहि दगडासारखा घट्ट होतो. सिमेंटास बळ देणारा मुख्य पदार्थहि हाच आहे. भेद इतकाच कीं, सिमेंटांत तो दिवसांच्या हिशेबानें बनतो आणि चुना-सुरखींत महिन्यांच्या हिशेबानें.

ही विद्या एकट्या हिंदुस्थानची होती असें समजूं नये. रोमन लोक नेपल्सनजीकच्या पोत्सुओली गांवची ज्वालामुखीची राख चुन्यांत मिसळीत. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत व्हिट्रुव्हियस या ग्रंथकारानें तिचे गुण वर्णिले आहेत, आणि त्या गांवच्या नांवावरून अशा सर्व पदार्थांस आज 'पॉझोलाना' म्हणतात. २०२३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, रोमन मालांत राहिलेल्या चुन्याच्या लहान गांठी पाणी शिरतांच विरघळून भेगा आपोआप भरून काढतात. दख्खनची सारी भूमि अग्निरसाची बनलेली आहे. पण तो रस थिजून काळा कातळ झाला, त्याची अशी राख आमच्या वांट्यास आली नाहीं. जें निसर्गानें पोत्सुओलीस फुकट दिलें तें आमच्या कारागिरांस विटांच्या भट्टींत स्वतः तयार करावें लागलें.

खानदेशांत याचीं उदाहरणें शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. तापीकांठीं थाळनेर येथें १३७० च्या सुमारास मलिक राजा यानें फारूकी घराण्याचा पाया घातला; १३९९ मध्यें तो मरण पावला आणि तेथेंच पुरला गेला. त्या राजघराण्याच्या दगडी व विटांच्या कबरी आज सहाशें वर्षांनंतरहि पाहावयास मिळतात. किल्ल्याची मात्र पडझड झाली आहे. १८१८ च्या फेब्रुवारींत इंग्रज सेनापति हिस्लॉप याच्या तोफा या किल्ल्यावर चालल्या. पुढचें काम तापीच्या पुरांनीं आणि आमच्या अनास्थेनें केलें. अशा जुन्या बांधकामाचा निखळलेला चुना हातांत घेऊन उन्हांत धरला तर पुष्कळदां त्यांत तांबडे कण दिसतात. ती सुरखी होय. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आपल्या आयुष्याची अखेर धुळ्यास केली आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ स्थापन झालें. जुन्या कागदाचा तुकडाहि टाकूं नये, हा धडा त्यांनीं महाराष्ट्रास दिला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, भिंतीचा चुना हाहि एक कागदच आहे. तो वाचावयास मात्र आम्ही अद्यापि शिकलों नाहीं.

राजांच्या कबरींहून अधिक बोलका पुरावा शेतकऱ्यांच्या बंधाऱ्यांचा आहे. पांझरेवर कित्येक शतकांपूर्वीं दगड-चुन्याचे बंधारे घालून फडांची पाणीवांटप पद्धति सुरूं झाली. गांवच्या भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, आणि पाटकऱ्यानें पाळीनें पाणी सोडावयाचें, असा हा सामुदायिक कारभार. या बंधाऱ्यांवरून दर पावसाळ्यास पुराचें पाणी लोटतें. दगडगोटे त्यांच्या अंगावर आपटतात. ज्या मालानें ते बांधले त्याची शक्ति कोणी यंत्रांत घालून मोजली नव्हती. ती नदीनें मोजली. दर वर्षीं उन्हाळ्यांत गांव जमून गाळ काढी आणि उखडलेल्या दर्जा पुन्हां भरी, हें मात्र विसरूं नये. बंधारा टिकला तो नुसत्या चुन्यामुळें नव्हे. चुन्याची काळजी वाहणारा गांव होता म्हणून टिकला.

येथें एक खबरदारी घेतली पाहिजे. जुनें तें सोनें असें म्हणून मोकळें होणें सोपें असतें, आणि आमच्या पिढीस त्याची चटकहि आहे. पण जुन्यांतलें जें पडलें तें आपणांस दिसत नाहीं; उभें राहिलें तेवढेंच दिसतें. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग खानदेशांतून भुसावळकडे गेला. त्याच कंपनीनें १८६३ सालीं खुल्या केलेल्या बोरघाटाच्या मार्गावरील एक मोठा कमानी पूल अवघ्या चार वर्षांनीं, १८६७ च्या जुलैंत, कोसळला. चौकशी झाली तेव्हां कंपनीचीं पुष्कळ बांधकामें सदोष निघालीं. दर्शनी दगड घडीव, पण आंत नुसती दगडांची भर. चुना निकस आणि कामावर देखरेख नाहीं. हा मालहि चुन्याचाच होता. तेव्हां चुना श्रेष्ठ कीं सिमेंट श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे. कोणी मळला, कोणी तपासला, आणि सुकावयास किती वेळ दिला, यावर मालाचें बळ ठरतें.

सिमेंटानें चुन्याची जागा कां घेतली याचें मर्महि येथेंच आहे. इंग्लंडांत स्मीटन या स्थापत्यविशारदानें १७५६ ते १७५९ या काळांत एडिस्टनचा दीपस्तंभ समुद्रांतील खडकावर बांधतांना मातीमिश्रित चुनखडीचा चुना पाण्यांत घट्ट होतो हें प्रयोगानें ठरविलें. १८२४ सालीं लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन नांवाच्या गवंड्यानें 'पोर्टलंड सिमेंट' या नांवानें एकस्वाचा हक्क मिळविला. तरीहि मोठमोठे स्थापत्यकार त्यावर विश्वास टाकीनात. १८५९ पासून लंडन शहराच्या भुयारी गटारांचें प्रचंड काम सुरू झालें तेव्हां जॉन ग्रँट यानें प्रत्येक खेपेंतील सिमेंटाच्या लहान वड्या पाडून, त्या सात दिवस पाण्यांत ठेवून, यंत्रानें ताणून तोडण्याची पद्धत घातली. वडी ठरलेल्या वजनाच्या आंत तुटली कीं माल परत. कंत्राटदारास आठवड्याच्या आंत दोषी किंवा निर्दोषी ठरवितां येऊं लागलें. चुना-सुरखीस ही परीक्षा देतां येत नव्हती. ती उत्तीर्ण होण्यास असमर्थ होती म्हणून नव्हे, तर तिची परीक्षा सहा महिन्यांनीं घ्यावी लागते म्हणून. सिमेंट जिंकलें तें केवळ बळामुळें नव्हे. आपल्या बळाचा पुरावा तें लवकर देऊं शकलें म्हणून. पुढें सर्व परीक्षा सिमेंटाच्या स्वभावास अनुसरून बेतल्या गेल्या, आणि त्याच आजहि सर्वांस लावल्या जातात.

या संक्रमणाच्या ऐन मध्यावर खानदेशाशीं संबंध असलेला एक थोर पुरुष उभा आहे. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या कॉलेजांतून उत्तीर्ण होऊन १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत शिरले, आणि उमेदवारीच्या त्या आरंभींच्या दिवसांतच त्यांची नेमणूक खानदेशांत झाली. धुळ्याच्या पश्चिमेस दातर्ती गांवापाशीं पांझरेच्या पाटाचें पाणी नळांच्या सायफननें पलीकडे नेण्याचें काम त्यांनीं केलें. ज्या नदीवर शेतकऱ्यांचे चुन्याचे बंधारे त्यांच्या नित्य दृष्टीस पडत असतील त्याच नदीवर एका महान् स्थापत्यकाराचें शिक्षण झालें, हें आम्हां खानदेशवासीयांस भूषणास्पद आहे. पुढें म्हैसूर संस्थानांत कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचें काम १९११ सालीं सुरू झालें तेव्हां सिमेंट बाहेरून आणणें अतिशय महाग होतें. म्हणून हें सुमारें १३० फूट उंच व ८६०० फूट लांब धरण मुख्यतः चुना आणि सुरखी यांच्या मालांत बांधलें गेलें. तें आजहि कावेरीचें पाणी अडवून उभें आहे. पांझरेकांठीं त्यांनीं सुरखीचें तंत्र उचललें असें म्हणण्यास आधार नाहीं, आणि आम्ही तसें म्हणत नाहीं. परंतु इंग्रजी विद्येंत पारंगत असलेल्या मनुष्यास आपल्या देशाचा माल वापरतांना कमीपणा वाटला नाहीं, आणि तो वापरतांना त्यानें मोजमाप व देखरेख सोडली नाहीं, या दोन गोष्टी एकत्र आल्या कीं काय होतें याचा तें धरण म्हणजे उत्तम दाखला आहे.

त्यानंतरचा इतिहास सिमेंटाच्या दिग्विजयाचा आहे. १९१४ सालीं पोरबंदर येथें या देशांत सिमेंटाचें यशस्वी उत्पादन सुरू झालें. १९३६ मध्यें अनेक कंपन्या मिळून 'असोसिएटेड सिमेंट' ही मोठी कंपनी झाली. आमच्या लहानपणीं, म्हणजे १९८० च्या सुमारास, सिमेंट परमिटावर मिळे. आमच्या वडिलांनीं दहा गोण्यांसाठीं घातलेल्या खेपा आम्हांस आठवतात. १९८२ मध्यें अंशतः आणि १९८९ मध्यें पूर्णपणें हें नियंत्रण उठलें. तोंवर घाण्यांची चाकें उकिरड्यावर जाऊन पडलीं होतीं. दुर्मिळ वस्तूस लोक मौल्यवान् समजतात. सिमेंटाचें तसेंच झालें. आणि तें मुबलक मिळूं लागल्यावर जेथें तें नको तेथेंहि तें थापलें गेलें. आमची भिंत त्यांतलीच.

आतां राखेकडे वळूं. भुसावळजवळ दीपनगर येथें १९६८ सालीं औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें. १९७९ व १९८२ सालीं २१० मेगावॅटचे दोन संच आले, आणि पुढें ५०० मेगावॅटचे दोन. आपल्या देशांतील दगडी कोळशांत ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे दर तीन गाडे कोळशामागें एक गाडा राख. ही राख पाण्याबरोबर तळ्यांत सोडून द्यावयाची, आणि उन्हाळ्यांत ती वाळून शेजारच्या शेतांवर, विहिरींवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर उडावयाची, ही कोणत्याहि अशा केंद्राभोंवतालची नित्याची कथा होती. धुराबरोबर वर जाणारी जी अतिसूक्ष्म राख यंत्रानें पकडतात ती सूक्ष्मदर्शकांतून पाहिली तर कांचेच्या नितळ गोळ्यांसारखी दिसते. तिच्यांतहि सिलिका व अल्युमिना हींच द्रव्यें आहेत. पोत्सुओलीच्या डोंगरानें जें केलें, विटांच्या भट्टीनें जें केलें, तेंच दीपनगरच्या भट्टीनें केलें. राख ही आजची सुरखी होय.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानांत येऊनहि बराच काळ लोटला आहे. १९३७ सालीं कॅलिफोर्नियांत डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा राखेवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्याकडे उत्तर प्रदेशांतील रिहंद धरणाच्या काँक्रीटमध्यें, १९५०-६० च्या दशकांत, सिमेंटाचा कांहीं भाग काढून राख घातली गेली. आज बाजारांत पॉझोलाना सिमेंट म्हणून जें मिळतें त्यांत भारतीय मानकाप्रमाणें १५ ते ३५ टक्के राख असते. एक भाग सिमेंट व तीन भाग प्रमाणित वाळू यांचा ठोकळा करून तो २८ दिवसांनीं दाबून पाहिला असतां त्यानें दर चौरस मिलिमीटरास निदान ३३ न्यूटन भार सोसला पाहिजे, अशी या सिमेंटास अट आहे. साध्या सिमेंटाच्या ३३ दर्जासहि हीच अट आहे. १९९९ मध्यें केंद्र सरकारनें औष्णिक केंद्रांभोंवतीं राखेचा वापर सक्तीचा करणारी अधिसूचना काढली, आणि २०२१ च्या अखेरीस सर्व राख उपयोगांत आणण्याचें बंधन घातलें.

तेव्हां बळ येतें काय, या प्रश्नाचें उत्तर असें : राख बारीक व चांगल्या प्रतीची असेल आणि प्रमाण मर्यादेंत असेल तर येतें, पण उशिरा येतें. कामावर जेव्हां साध्या सिमेंटाचा चौथा हिस्सा काढून तेवढी राख घालतात तेव्हां त्या मालाचा ठोकळा सातव्या दिवशीं मागें असतो, अठ्ठाविसाव्या दिवशींहि बहुधा थोडा मागें असतो, आणि तीन महिन्यांनीं साध्या सिमेंटाच्या ठोकळ्यास गांठतो. कित्येकदां पुढेंहि जातो. शिवाय त्याचीं छिद्रें बारीक असल्यानें पाणी व क्षार त्यांत सहजासहजीं शिरत नाहींत. परीक्षा सातव्या दिवशीं घ्यावी तर राख नापास. नव्वदाव्या दिवशीं घ्यावी तर पहिल्या वर्गांत. जॉन ग्रँटच्या सात दिवसांची छाया दीडशें वर्षांनंतर अशी आमच्यावर पडलेली आहे.

या उशिराचें मोल खानदेशांत इतर ठिकाणांपेक्षां अधिक द्यावें लागतें, हें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. हा संयोग पाण्यावांचून घडत नाहीं. साध्या सिमेंटास निदान सात दिवस, तर राखमिश्रित सिमेंटास निदान दहा व शक्यतों चौदा दिवस पाणी मारावें, असें मानक सांगतें. जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सकाळीं शिंपडलेलें पाणी दुपारच्या आंत उडून जातें, आणि त्याच दिवसांत गांवोगांव बायका पाण्यासाठीं मैल मैल चालत असतात. अशा ठिकाणीं ज्या गरिबाचें घर उन्हाळ्यांत घाईनें उभें राहतें त्याच्या भिंतींत राखेचें बळ कधींच जागें होत नाहीं. तें कागदावरच राहतें. दोष मग राखेवर येतो. शिवाय केंद्रांतून पारखून आलेली सूक्ष्म राख निराळी आणि तळ्यांतून उपसलेली भरड राख निराळी. नांव एकच असल्यानें दुसरी पहिलीच्या भावानें विकली जाण्याचें भय असतें. सुरखीचेंहि पूर्वीं तसेंच होई. फार जळलेल्या विटांचा चुरा रंगानें तांबडा असला तरी चुन्याशीं संयोग पावत नाहीं, आणि रंग पाहून घेणारा फसतो.

कोळशाची वीज एक दिवस थांबेल, निदान कमी होईल, आणि तिच्याबरोबर राखहि. पुढें काय, याचें उत्तर शोधतां शोधतां स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या देशांतील संशोधक पुन्हां भाजलेल्या मातीपाशींच आले आहेत. सुमारें निम्मा भाग सिमेंटाची मूळ भाजणी, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेल्या चुनखडीची पूड आणि थोडा जिप्सम, असें हें मिश्रण असून २०२३ मध्यें त्याचें भारतीय मानकहि प्रसिद्ध झालें. यासाठीं सर्वच माती चालते असें नाहीं. चिनी मातीच्या जातीचें खनिज जींत पुरेसें आहे ती उत्तम, आणि आमची काळी कपाशीची जमीन त्या कामीं दुय्यम. पण तत्त्व ओळखीचें आहे. घाणीबरोबर उकिरड्यावर टाकलेली सुरखी सात समुद्रांची यात्रा करून, परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊन घरीं आली आहे.

शेवटीं आमच्या गवंड्याच्या वाक्याकडे येऊं. सामान्य विटेची शक्ति मानकाप्रमाणें दर चौरस मिलिमीटरास ३.५ न्यूटनांपासून सुरू होते. एकास सहा या प्रमाणांत वाळू घातलेल्या साध्या सिमेंटाच्या मालास ३ न्यूटन पुरे समजतात. भिंतीचें बळ विटेवर व मालावर मिळून ठरतें. विटेहून दहापट कठीण माल घालून भिंत दहापट बळकट होत नाहीं. उलट, भिंत उन्हानें फुगते, थंडीनें आकसते, पायाबरोबर किंचित् खचते. तेव्हां मऊ माल स्वतः बारीक तडा घेऊन वीट वांचवितो आणि कठीण माल वीट तोडून स्वतः वांचतो. जुन्या भिंतींतील ओल चुन्याच्या छिद्रांतून बाहेर पडे. सिमेंटानें ती वाट बुजविली, आणि ओलीनें विटांतूनच वाट काढली. म्हणून कोणता माल किती बळाचा, या प्रश्नाआधीं कोणत्या भिंतीसाठीं, हा प्रश्न विचारला पाहिजे. धरणास, पुलास, उंच इमारतीच्या खांबास जें हवें तें आमच्या दुमजली घरास मारक ठरलें. खानदेशांतील जुन्या गढ्यांची आणि देवळांची दुरुस्ती सिमेंटानें करणाऱ्या मंडळींनीं हें लक्षांत घ्यावें, अशी आमची नम्र विनंति आहे.

आमच्या घरीं यावर दोन दिवस वाद झाला. सिमेंटाचें काम आठ दिवसांत उरकलें असतें. चुना-सुरखीस गवंड्यानें स्पष्ट सांगितलें कीं, वैशाखांत हात लावणार नाहीं. पावसाळा जाऊं द्या, दसऱ्यानंतर पाहूं. उघडी भिंत घेऊन चार महिने काढावयाचे म्हणजे घरच्या मंडळींस केवढा त्रास, हें सांगावयास नको. अखेरीस ताडपत्री बांधून आम्ही थांबलों. कार्तिकांत काम झालें. चुना पंधरा दिवस मुरविला होता, आणि भिंतीवर ओलीं गोणपाटें तीन आठवडे टांगलीं. खर्च सिमेंटापेक्षां दीडपट आला.

यंदाचा पावसाळा भिंतीवर होऊन गेला. भिंत भिजली आणि आश्विनाच्या उन्हांत वाळली; पापुद्रा निघाला नाहीं. परंतु एका पावसाळ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं, हें इतिहासाच्या शिक्षकानें तरी विसरतां कामा नये. या भिंतीची परीक्षा आमचीं मुलें घेतील. आणि खरी परीक्षा त्यांचीं मुलें.